गाण्यात मेलेली आई

डेल्फी कॉम्ब्सने आपल्या आईला मारलं ते दिव्यांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, अंड्याचं सँडविच खाता खाता. चौथ्या कडव्यात मारलं. तिसऱ्या कडव्यापर्यंत आई नुसती दारात उभी होती, वाट बघत होती, वारा सुटला होता. पण रेकॉर्ड काढणाऱ्या डुडेकसाहेबांना तेवढ्याने रडू येणार नाही हे डेल्फीला माहीत होतं, म्हणून चौथ्यात चूल विझली, दिवा विझला आणि आईही गेली. मग भोंगा झाला. डेल्फीने हात पुसले आणि ती परत खोक्यांत दिवे भरायला गेली.

डेल्फीला शिकागोत येऊन तीन हिवाळे झाले होते. त्या काळी केंटकीच्या डोंगरांतली निम्मी माणसं शिकागोच्या अपटाउनमध्ये येऊन पडली होती. खाणींत काम उरलं नव्हतं. अपटाउनच्या नाक्यावर जरा वेळ उभं राहिलं, की कुणीतरी थांबून विचारायचंच, "तू खोऱ्यातल्या कुणाची गं?" डेल्फी डव्ह क्रीकच्या कॉम्ब्सांची. दिवसा कारखाना, शनिवारी एका दारूच्या गुत्त्यात गिटार घेऊन गाणं. गाणी स्वतःचीच. आणि सगळी शहरावरची.

यातच सगळी गोम होती. डोंगरातून आलेल्या बाकीच्या गाणाऱ्यांनी डोंगरावर रडून घेतलं होतं. डेल्फी मात्र शहर बघून चक्रावली होती आणि त्याचीच गाणी करत होती. एक गाणं लिफ्टवाल्या म्हाताऱ्याचं, जो दिवसभर वर जातो आणि कुठेच पोचत नाही. एक धुलाईच्या दुकानातल्या गोल काचेचं, जिच्यात सगळ्या गल्लीचे कपडे एकमेकांच्या गळ्यात पडतात. एक तळ्याचं, ज्याचा पलीकडचा काठ देव करायला विसरला. आणि एक तिच्या खोलीतल्या रेडिएटरचं, खिडकीखालच्या त्या लोखंडी धुडाचं, ज्याच्यात वाफ शिरली की ते रात्रभर ठक ठक करायचं.

अशी अकरा गाणी झाली होती. ती घेऊन ती स्टॅन डुडेककडे गेली होती. डुडेकचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत, भिंतींना जुनी पांघरुणं ठोकून, तो रेकॉर्ड काढायचा. पोलिश माणूस, मोठा, गुबगुबीत, मिशा पिवळट झालेल्या. त्याने अकराही गाणी ऐकली.

"चांगली आहेत," तो म्हणाला. "पण मिस कॉम्ब्स, लिफ्टवर कोण रडतं?"

"हसतात साहेब. गुत्त्यात सगळे हसतात."

"हसणारा माणूस हसून घरी जातो. रडणारा रेकॉर्ड विकत घेतो. आई नाहीये का तुमच्या गाण्यात? डोंगरवाल्यांच्या गाण्यात आई असते."

म्हणून तो सँडविचचा प्रसंग घडला.

'दारात उभी आई' हे गाणं डुडेकने ऐकलं आणि दुसऱ्याच कडव्याला घड्याळ पुसायचा रुमाल डोळ्यांना लावला. चौथ्याला तर तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो लहानपणी अमेरिकेत आला तेव्हा त्याची आई पोलंडातच मागे राहिली होती आणि तिथेच गेली होती. त्याने तिची कबर कधी बघितली नव्हती. हे डेल्फीला नंतर कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

"हे खरं आहे?" त्याने विचारलं.

डेल्फीच्या डोळ्यांसमोर तिची आई आली. या घडीला ती बहुधा कुंपणावर चढून शेजारच्या डुकराला शिव्या देत असेल.

"खरं म्हणजे..." डेल्फी म्हणाली. डुडेकला तेवढं पुरलं.

"पाकिटावर छापतो मी. अक्षर न् अक्षर खरं. या गाण्याचंच नाव रेकॉर्डला. आणि अशीच आणखी अकरा आणा. ती लिफ्टबिफ्ट राहू दे." मग हळू आवाजात, "काय नाव होतं आईचं?"

"ऑर्फा," डेल्फी म्हणाली आणि जीभ चावली.

थोडक्यात, आई मेलेली असेल तरच रेकॉर्ड निघणार होती, आणि तीसुद्धा डेल्फीची स्वतःची गाणी सोडून. हे तिला दुकानाबाहेर येईपर्यंत कळलं नाही असं नाही. कळलं होतं. म्हणूनच तिला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. तिने गिटार उचलली, दारापाशी गेली, आणि डव्ह क्रीकमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडून निघताना जे आपोआप बाहेर पडतं ते पडलं.

"बरं, येते मी. उद्या आम्ही गावी निघालोय, कबरी सजवायचा रविवार आहे ना. चला की आमच्याबरोबर घरी!"

आता डव्ह क्रीकमध्ये असं म्हटल्याशिवाय कुणी कुणाच्या दारातून निघत नाही. जाणारा म्हणतो, "चला की आमच्याबरोबर घरी." राहणारा म्हणतो, "नको, तुम्हीच रहा की आजची रात्र." मग जाणारा म्हणतो, "नको, गाईची धार काढायचीय," आणि सगळे आपापल्या घरी जातात. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. कुणीही कधीही कुणाबरोबर गेलेलं नाही. गेला असता तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून नातेवाइकांना बोलावलं असतं.

डुडेकने खुंटीवरची टोपी काढली.

"किती वाजता निघायचं?" तो म्हणाला. त्याचे डोळे परत भरून आले होते. "मला कुणी कधी असं बोलावलं नव्हतं."

*

शनिवारी दुपारी डेल्फीचा भाऊ क्लेटन आपली फोर्ड गाडी घेऊन आला, तर फुटपाथवर डुडेक उभा. अंगात काळा कोट, आणि हातात गाडीच्या चाकाएवढं फुलांचं चक्र. पांढरी लिली, त्यावर जांभळी रेशमी फीत.

"हे कोण?" क्लेटनने विचारलं.

"माझे रेकॉर्डवाले साहेब. घरी येतायत."

"का?"

"मी म्हटलं त्यांना, चला आमच्याबरोबर घरी."

"मग?"

"मग ते आले."

 क्लेटनने मागचं दार उघडलं. डुडेक चक्र मांडीवर घेऊन बसला आणि इंडियाना अख्खं संपेपर्यंत त्याने ते खाली ठेवलं नाही. आरशात क्लेटनला फक्त लिली आणि तिच्यावर टोपी दिसत होती.

"क्लेटन," लिलीमागून आवाज आला, "तुमच्या आईबद्दल ऐकून फार वाईट वाटलं."

"हो ना," क्लेटन म्हणाला. "गुडघ्यांनी हैराण केलं तिला."

"आता तिला काही त्रास नसेल."

"तसा उन्हाळ्यात कमी असतो."

पेट्रोलपंपावर डेल्फीने भावाला टायरच्या ढिगामागे नेलं आणि सगळं सांगितलं. क्लेटनच्या नाकातून सोडा बाहेर आला.

"तू आईला मारलंस? कशाने?"

"वाट बघून."

"आईला? वाट बघून? अगं, ती चर्चमध्ये पाद्र्याची वाट बघत नाही, स्वतःच भजन सुरू करते!"

"हळू बोल ना रे! साहेबांना कळलं तर रेकॉर्ड गेली."

"आणि आईला कळलं तर?"

 हा विचार डेल्फी शिकागोपासून टाळत आली होती.

"आपण त्यांना हेटी मावशीकडे उतरवू," ती शेवटी म्हणाली. "आणि कबरस्तानात आई दिसली तर ती मावशी आहे म्हणून सांगू."

"मग मावशी कोण?"

"मावशी मावशीच."

"दोन मावश्या," क्लेटन म्हणाला. "आणि आई नाही. बघ बाई. मी नुसती गाडी चालवणार."

पण ओहायो नदी ओलांडल्यावर टायर फुटला. मग दुसरा फुटला. गाडीतच झोप काढून, तोंडं धुवायला ओढ्यापाशी थांबून ते डव्ह क्रीकला पोचले तेव्हा रविवारची दुपार होत आली होती आणि हेटी मावशीच्या घराला कुलूप होतं. सगळं खोरं टेकडीवर कबरस्तानात होतं. इथूनच गाणी ऐकू येत होती.

*

ते कबरस्तान डव्ह क्रीकच्या माणसांच्या मनात अजून तसंच आहे. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि प्लॅस्टिकची फुलं. त्या काळी बायका हिवाळाभर रंगीत कागदाची फुलं करायच्या आणि पाऊस लागू नये म्हणून ती मेणात बुडवायच्या. सकाळी गवत काढून, माती उंच ओढून, प्रत्येक कबरीवर ती मांडली, की झाडांखाली चादरी पसरून जेवणं. कोंबडी आणि तिच्या रश्शात शिजवलेले पिठाचे गोळे, शेंगा, मक्याची भाकरी, आणि सफरचंदाचा मुरांबा भरून एकावर एक पोळ्या रचलेला उंच केक. मेलेली आणि जिवंत माणसं एकाच टेकडीवर, आणि जिवंत माणसं तोंडात घास घेऊन मेलेल्यांची उणीदुणी काढतायत.

डुडेकने टोपी काढली आणि चक्र छातीशी धरून तो चढ चढू लागला. वाटेतली माणसं बाजूला होत होती. एवढी खरी फुलं डव्ह क्रीकमध्ये एका वेळी कुणी बघितली नव्हती.

"क्लेटन," डेल्फी दात आवळून म्हणाली, "पुढे जा आणि आईला कुठेतरी ने."

"तू ने."

तेवढ्यात आईच समोर आली. कमरेला एप्रन, हातात रश्शाची डाव, तोंडावर ऊन. लहानखुरी बाई, पण चालायची अशी की समोरच्याने वाट द्यावी.

"आलात एकदाचे!" ती ओरडली. "टायर ना? मी हेटीला म्हटलं, टायरच असणार, क्लेटन जुने घालतो. आणि ही कोण मंडळी?"

"या... या ऑ..." डेल्फीने सुरुवात केली. "साहेब, या माझ्या मावशी."

"मावशी?" आई म्हणाली.

"मावशी," डुडेक अदबीने म्हणाला. "मला जरा दाखवाल का, ऑर्फाबाईंची कबर कुठली?"

सगळ्या टेकडीवर चमचे थांबले. हेटी मावशीच्या हातातला केकचा तुकडा चादरीवर पडला.

आईने डुडेककडे बघितलं. मग चक्राकडे. मग डाव काखेत धरून तिने जांभळी फीत सरळ केली आणि वाचली. सोनेरी अक्षरं होती. 'ऑर्फा कॉम्ब्स यांच्या प्रेमळ स्मृतीस.' आई तशी सावकाश वाचायची. तिने ते दोनदा वाचलं.

"डेल्फी," ती म्हणाली.

"आई," डेल्फी म्हणाली, आणि झालं.

डुडेकचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आई?" तो म्हणाला. "या आई? जिवंत?"

"आत्तापर्यंत तरी," आई म्हणाली. "काय झालं होतं मला?"

 क्लेटनच मागून म्हणाला, "गाण्यात मेलीस. वाट बघून."

डेल्फीला वाटलं, आता टेकडीने दुभंगावं आणि आपल्याला त्या मेणाच्या फुलांखाली घ्यावं.  डुडेक चक्र घेऊन एखाद्या पाहुण्यासारखा अवघडून उभा होता, ज्याला चुकीच्या घरी जेवायला बसवलंय.

"मी रडलो होतो," तो शेवटी हळूच म्हणाला. "मिस कॉम्ब्स, मी खरंच रडलो होतो. माझी असती ना, तर मी तिला एका ओळीतसुद्धा मेलेली म्हटलं नसतं." आणि तो जायला वळला.

"थांबा ओ," आई म्हणाली. "माझी फुलं घेऊन कुठे चाललात?"

तिने चक्र त्याच्या हातातून काढून घेतलं, उंच धरून बघितलं, वास घेतला. "खऱ्या लिली! हेटी, बघ! मी मेल्यावर कुणी आणली असती तर मला दिसली असती का? नाव बरोबर लिहिलंय. दारावर लावते." मग ती लेकीकडे वळली. "आता गा ते. कशी मेले ते कळू दे मला."

"आई, नको ना..."

"सगळ्या शिकागोने ऐकलं, मी ऐकायचं नाही?"

डेल्फीने गिटार घेतली. सगळं खोरं जवळ सरकलं. तिने गायला सुरुवात केली. दारात उभी आई, वारा, वाट. दुसऱ्या कडव्याला पोरी खुदखुदू लागल्या. तिसऱ्याला हेटी मावशीने पदरासारखं एप्रन तोंडात कोंबलं. चौथं आलं:

*चूल विझली, दिवा विझला,*
*थंड पडले हात,*
*उंबऱ्यावरती वाट पाहता*
*सरली तिची रात.*

"चूल विझली?" आई ताडकन म्हणाली. गिटार थांबली. "माझी चूल विझली? लग्न होऊन आल्यापासून माझी चूल विझलेली कुणी बघितलीय? हेटी, तू सांग! मारलंस ते मारलंस, डेल्फी, माणूस मरतोच. पण थंड चुलीपाशी? लोक काय म्हणतील?"

"आणि मला का नाही मारलंस?" हेटी मावशी म्हणाली. "मी धाकटी म्हणून? माझं तर हृदयच अशक्त आहे."

आता टेकडी हसू लागली ती थांबेना. पाद्रीबुवा कुणाच्या तरी दगडाला धरून हसत होते. डुडेक मात्र बावचळून बघत होता. त्याला हमखास रडवणारं गाणं, आणि ज्यांच्यावर लिहिलं ती माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत.

"पुरे," आईने एप्रनने तोंड पुसलं. "हे काही माझं गाणं नाही. तू तिकडे काय करतेस त्याचं काही नाही का तुझ्यापाशी? तीन वर्षं झाली. तू येतेस, कोंबडी खातेस आणि जातेस. मी विचारलं की म्हणतेस, बरं आहे. तिथलं गा."

डेल्फीने डुडेककडे बघितलं नाही. आता बघून काय होणार होतं? रेकॉर्ड गेलीच होती. तिने रेडिएटरचं गाणं सुरू केलं, कारण ते सगळ्यात हसरं होतं. चालही नाचरी होती. आणि रेडिएटर वाजतो तिथे ती गिटारच्या लाकडावर बोटाच्या पेराने ठोकायची.

*ठक ठक ठक, कोण आलंय दारी?*
*उघडते कडी, तर रिकामी ओसरी.*
*ठक ठक ठक, आलं कोण गं?*
*लोखंडाच्या पोटातली वाफ फक्त, अजून कोण गं!*

आधी माणसं हसली. मग हळूहळू हसू कमी झालं. त्या टेकडीवर असं एक घर नव्हतं ज्याचं कुणी शिकागोला, डेट्रॉइटला, सिनसिनाटीला गेलं नव्हतं. डव्ह क्रीकमध्ये दारावर ठक ठक झालं, की तो आपलाच कुणीतरी असतो. परका आला तर कुंपणाबाहेरून हाक मारतो. डेल्फी गात होती, ठोकत होती, आणि प्रत्येक वेळी गाण्यातली मुलगी उठून दार उघडत होती. गाणं संपलं तेव्हा झाडावरचे पक्षी तेवढे बोलत होते.

"ते खरंच असं ठोकतं?" आईने विचारलं.

"हो."

"आणि तू उठायचीस?"

"पहिल्या हिवाळ्यात. रोज." डेल्फीने खाली बघितलं. "कळायचं गं की वाफ आहे. तरी उठायचे."

 आईने डाव उचलली, रश्शाच्या भांड्यात घातली, आणि काहीही वाढून न घेता ती ढवळत राहिली. मग तिने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "धूर आला." भांड्याखाली विस्तवच नव्हता.

झाडाखालून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज झाला. डुडेक होता. घड्याळ पुसायचा रुमाल त्याने घडी करून खिशात ठेवला.

"लिफ्टवालं पण घेऊ," तो डेल्फीला म्हणाला, तिच्याकडे न बघता. "सगळी घेऊ. हे पहिलं. आणि यापुढे माझ्या दुकानात कुणाला मारायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"हो साहेब."

"आणि पाकिटावर छापणार आहे, अक्षर न् अक्षर खरं."

"हे खरंच आहे, साहेब."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने हेटी मावशीकडून केकचा दुसरा तुकडा घेतला.

*

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. सोमवारी भोंगा होता. तोपर्यंत क्लेटनने डुडेकला एका बाजूला घेऊन डोंगरातली रीत नीट शिकवली होती. कुणी म्हणालं 'रहा आजची रात्र', तर राहायचं नाही. उलट म्हणायचं, 'नको, तुम्हीच चला आमच्याबरोबर.' मग समोरचा नको म्हणतो. मग झालं. डुडेकने ते दोनदा म्हणून बघितलं होतं.

घरापाशी गाडी उभी होती. दारावर लिलीचं चक्र लावलेलं होतं, फीत नीट सरळ करून. ऑर्फा कॉम्ब्स आपल्याच स्मृतीखाली उभी होती आणि तिला ते शोभत होतं.

"रहा की आजची रात्र," ती म्हणाली.

डुडेकने घसा खाकरला. त्याने डेल्फीकडे एक अभिमानाचा कटाक्ष टाकला.

"नको, ऑर्फाबाई," तो म्हणाला. "तुम्हीच चला आमच्याबरोबर घरी."



"थांबा," आई म्हणाली. "टोपी घेते."

 आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग आई बाहेर आली, डोक्यावर चर्चची टोपी, काखेत पर्स, हातात कागदात गुंडाळलेला उरलेला केक. केक तिने मागे बसलेल्या डुडेकच्या मांडीवर ठेवला, जिथे येताना फुलं होती, आणि स्वतः पुढच्या सीटवर बसली.

"आई, अगं, असं कुणी जात नाही!" डेल्फी म्हणाली.

"मला ते ठोकणारं लोखंड बघायचंय."

"पण आता उन्हाळा लागतोय. वाफ बंद असते. थंडी पडेपर्यंत ते ठोकणारच नाही."

"मग थंडीपर्यंत राहीन," आई म्हणाली. "ठोकलं की मी उठून दार उघडीन. तू झोप."

 डेल्फी मागे डुडेकच्या शेजारी जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

क्लेटनने गाडी सुरू केली, मग परत बंद केली. "आणि आई, चूल?"

आईने काच खाली केली. ओसरीवर निरोप द्यायला आलेली हेटी मावशी उभी होती, तोंड उघडं टाकून.

"हेटी!" आई ओरडली. "रोज लाकूड घाल गं! विझू दिलीस तर हे साहेब म्हणतील, पहिलं गाणंच खरं होतं!"